बारा महिने नागपंचमी

"माइक जरा वर लावा," हातेकर मला म्हणाला. "माझा आवाज पोटातून येतो."

मी माइकची चिमटी त्याच्या जाकिटाला वर सरकवली. इतक्या जवळून त्याच्या अत्तराचा वास आला. मी हसतच होते. लंडनच्या एका उपनगरात आमचं मराठी मंडळ आहे, आणि तिथल्या गणेशोत्सवात निवेदन म्हटलं की स्वरूपा देवस्थळी, हे कधीचंच ठरून गेलं होतं. बाकीचे दिवस मी इस्पितळात नर्स होते. गणपतीत मात्र पैठणी, मोत्यांची नथ आणि हातात माइक.

त्या दिवशी लोकांसमोर मी त्याला साहेब म्हणत होते, अहो-जाहो करत होते. इथे करणार नाही.

श्रीनिवास हातेकर पोलीस खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला होता आणि उन्हाळाभर इथे मुलाकडे राहायला आला होता. निवृत्तीनंतर त्याने 'खाकीतले किस्से' नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. समोर कुणीतरी मुलाखत घ्यायला बसायचं, प्रश्न विचारायचे, आणि याने दोन तास लोकांना हसवायचं. परदेशातल्या मंडळांना असा पाहुणा आयताच मिळतो. विमानाचं तिकीट मुलगा काढतो, मंडळाने फक्त शाल आणि नारळ द्यायचा. आमच्या अध्यक्षांनी, करंबेळकर काकांनी, मला उत्साहात फोन केला होता. "तुझ्याच भागात नोकरीला होते गं ते, सोलापूरकडे. तूच घे मुलाखत. छान रंगेल."

पाहुण्याचं नाव मी त्यांना दुसऱ्यांदा विचारून घेतलं.

मी नववीत असताना याच माणसाने माझ्या थोरल्या भावाला, सोपानदादाला, चार दिवस ठाण्यात ठेवलं होतं. तेव्हापासून दादाचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. तेव्हा तो विशीतला होता. आज चाळिशी ओलांडली तरी त्याचे केस त्याची बायको विंचरते.

आम्ही कैकाडी. टोपल्या, कणग्या विणणारे. आमच्या तालुक्याच्या गावात कुठे कुलूप तुटलं की पोलिसांची गाडी थेट आमच्या वस्तीवर यायची आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटायचं नाही. त्या वर्षी एका सराफाचं दुकान फुटलं. दादाला उचलून नेलं. आमचे वडील, बापू, आणि मी ठाण्याच्या पायरीजवळ बसून राहिलो. हातेकर दोन-तीनदा आमच्या अंगावरून ओलांडून आत-बाहेर गेला. लाल रिबिनी बांधलेली कलावती माने त्याला दिसली असेल की नाही कोण जाणे. पुढे ती कलावती शिष्यवृत्तीवर मिरजेला नर्सिंग शिकली, तिथेच अजित देवस्थळीच्या प्रेमात पडली आणि लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नाव लिहिलं, स्वरूपा. माझं नाव न विचारता पुसलं म्हणून मी तेव्हा मनातून फार चिडले होते. त्या फोननंतर मात्र सासूबाईंचे मनोमन आभार मानले. हातेकरसमोर मी देवस्थळींची सून म्हणून बसणार होते.

बापूंनी गावाकडे तक्रार केली होती. वस्तीतल्या कुणीही केली नसती अशी हिंमत त्या अडाणी माणसाने केली. तालुक्याच्या कोर्टात खेटे घालून चपला झिजवल्या. हातेकरने उत्तरात एकच वाक्य दिलं. हा मुलगा आमच्या ठाण्यात आलाच नव्हता. अटकेची नोंद नव्हती, पाहिलेलं कुणी पुढे येत नव्हतं, हवालदारांनी साहेबांची री ओढली. दादाचे खांदे झाडावरून पडून निखळले असं ठरलं. बापू मरेपर्यंत त्या झाडाला शिव्या देत होते. आमच्या वस्तीत चढण्यासारखं झाडच नव्हतं.

करंबेळकर काकांच्या फोननंतर चारच दिवसांत मी ॲग्नेसला गाठलं. ती वकील. दुसऱ्या देशांत तुरुंगात छळ सोसून आलेल्या माणसांची कामं ती करायची आणि इस्पितळात अशा माणसांना घेऊन यायची, तिथली आमची ओळख. तिच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की सरकारी माणसाने कोठडीत केलेल्या छळाचा खटला, तो जगात कुठेही घडलेला असो, या देशातल्या कोर्टात चालू शकतो. फक्त तो माणूस या देशात सापडायला हवा. मी म्हटलं, सापडलाय. आमच्या गणपतीत येणार आहे.

तिने दादाच्या खांद्यांचे जुने फोटो पाहिले, डॉक्टरांचे कागद वाचले. मग म्हणाली, "इजा सिद्ध होईल. तुझा भाऊ सांगेलही नीट. पण तो आणि हा माणूस एका खोलीत होते, हे कोण सांगणार?"

"तो स्वतः सांगेल," मी म्हटलं.

"असं कुणी का सांगेल?"

बिचारी इंग्रज बाई. तिला आपली प्रकट मुलाखत कुठून माहीत असणार? "त्याला टाळ्या दिल्या तर सांगेल," मी म्हटलं.

तिने मला दोन गोष्टी बजावल्या. त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, आणि मी कोण हे त्याला कळता कामा नये. कळलं तर तो मिळेल त्या विमानाने परत जाईल आणि पुन्हा कधी हाती लागणार नाही. दादाला मी फोन करून सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "त्यो वळकंल का तुला?" नाही ओळखणार, मी म्हटलं. "मंग इचार," तो म्हणाला.

तर आरती झाली, मोदकांच्या बशा फिरल्या, शाळेचा हॉल खचाखच भरला आणि मी पहिला प्रश्न विचारला. सुरुवातीला मी त्याला खुलू दिलं. जत्रेतला खिसेकापू झाला, मंत्र्याची हरवलेली म्हैस झाली. सांगायची हातोटी होती त्याच्याकडे, नाही असं नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्याला कळत होतं. पहिल्या रांगेत करंबेळकर काका डोळे पुसून पुसून हसत होते. अर्धा तास गेला तसा तो पार मोकळा झाला आणि पाय पसरून बसला.

मग मी म्हटलं, "साहेब, हल्ली म्हणे आरोपीला बोटही लावता येत नाही. तुमच्या काळी लोक बोलायचे कसे?"

त्याला हाच प्रश्न हवा होता. तो थोडा पुढे झुकला, प्रेक्षकांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "आमच्या ठाण्यात ना, बारा महिने नागपंचमी असायची."

कुणाला कळेना.

"म्हणजे?" मी विचारलं.

"झोका हो!" तो म्हणाला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले, मनगटं एकमेकांवर ठेवली आणि वर ओढून दाखवली. "फक्त आमचा झोका जरा उलटा."

लोक हसले. पहिल्यांदा बिचकत, मग शेजारचा हसतोय हे पाहून मोकळेपणी. इथे पोरांना नागपंचमी म्हणजे काय ते समजावून सांगणाऱ्या आया, मंगळागौरीचे खेळ बसवणाऱ्या बायका, सगळ्या हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला.

"सोलापूरकडचा एखादा किस्सा सांगा ना," मी म्हटलं. "आमच्या माहेरचा भाग."

"अरे वा, आमच्याच भागातल्या तुम्ही!" तो खूश झाला. "मग तुम्हाला कैकाड्याचा किस्सा सांगायलाच हवा."

आणि त्याने सांगितला. गावाचं नाव घेतलं, सराफाचं नाव घेतलं, वर्ष सांगितलं. वस्तीवरून एक पोरगं उचललं, पहिले दोन दिवस काही बोलेना, भलताच चिवट. तिसऱ्या दिवशी झोक्यावर चढवलं आणि पोपटासारखा बोलायला लागला. दुकान कुणी फोडलं? मी साहेब. मागच्या वर्षीची बँक? मी साहेब. देवळातली पितळी घंटा? मीच साहेब. इथे तो थांबला. दोन्ही हात पसरले.

"मग मी म्हटलं, विचारूनच टाकू. म्हटलं, लेका, भवानी तलवार कुणी चोरली? म्हणतो कसा, मीच साहेब!"

हशाने हॉल दणाणला. लोकांनी खुर्च्यांचे हात बडवले. तो हात वर करून सगळ्यांना थांबवायला लागला, कारण अजून एक बाकी होतं. "आणि आपण उगाच या इंग्रजांना नावं ठेवतो!"

लंडनमधल्या मराठी माणसांना यापेक्षा मोठा विनोद कुणी दिला नसेल. मागे कुणीतरी शिट्टी मारली. मी हसत होते. माझे गाल दुखायला लागले होते तरी मी हसत होते. वाटत होतं की समोरची समई उचलावी आणि घालावी याच्या डोक्यात.  

"मग तोच निघाला का चोर?" मी विचारलं.

"छे हो! सराफाचा भाचाच निघाला. दुसऱ्या दिवशी दागिन्यांसकट सापडला." पुन्हा हशा. "मग काय, पोराला चहा पाजला, म्हटलं जा बाबा घरी."

आता फक्त एक गोष्ट राहिली होती. ती विचारताना आवाज बदलू नये म्हणून मी आदल्या दिवशी आरशासमोर किती वेळा विचारली होती देव जाणे.

"एवढ्या वर्षांनी आता त्या मुलाचं नाव काही तुम्हाला आठवत नसेल."

त्याला राग आल्यासारखं झालं. अहंकार दुखावला. "आठवत नाही? अहो, पोलीस माणूस चेहरा आणि नाव विसरत नसतो. सोपान. सोपान माने."

टाळ्या पडल्या. त्याच्या स्मरणशक्तीला.

शेवटी सत्कार माझ्याच हातून होता. मी त्याच्या खांद्यांवर शाल घातली. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण खांदे ताठ, भरदार होते. त्याने हात उंच उंच उचलून लोकांना नमस्कार केला. मला म्हणाला, "फार छान बोलतं करता तुम्ही माणसाला." मी नारळ त्याच्या हातात दिला आणि थेट बाथरूममध्ये जाऊन ओकले.

ॲग्नेसला काळजी होती की रेकॉर्डिंग मंडळाकडून मिळवायचं कसं. ती काळजी करंबेळकर काकांनीच मिटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आख्खी मुलाखत यूट्यूबवर टाकली आणि सगळ्या ग्रुपवर पाठवली, खाली हसरे चेहरे. 'नागपंचमीचा किस्सा चुकवू नका' असंही लिहिलं होतं. लोकांनी ती भारतात, अमेरिकेत, दुबईला पाठवली. आमच्या तक्रारीवरून तपासाला आलेल्या इथल्या पोलिसांनी ती सरळ तिथूनच उतरवून घेतली. वरून परवानगी यायला वेळ लागला, तोवर हातेकर इथेच होता, सुनेच्या हातच्या पुरणपोळ्या खात. मग एका सकाळी त्याला मुलाच्या घरातून नेलं आणि त्याचा पासपोर्ट काढून घेतला.

तक्रार माझी आहे हे कळताच त्याच संध्याकाळी करंबेळकर काका आमच्याकडे आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. अजितने पाणी आणून दिलं ते हातातच धरून उभे राहिले.

"तू मंडळाच्या स्टेजचा असा वापर करायला नको होतास," ते म्हणाले. "विश्वासघात आहे हा. आपल्या माणसाला गोऱ्यांच्या कोर्टात उभं केलंस."

"सोपान माझा भाऊ आहे, काका."

ते क्षणभर गोंधळले. माझं माहेरचं आडनाव त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मग सावरून म्हणाले, "वाईट झालं असेल. पण आपलं आपल्या देशात निपटायला हवं होतं."

"आपल्या देशात तो म्हणाला की हा मुलगा ठाण्यात आलाच नव्हता," मी म्हटलं. "तुम्हाला हसवायचं होतं म्हणून इथे आला."

त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि गेले. त्यानंतर मला मंडळाच्या ग्रुपवरून काढून टाकलं. वाणसामानाच्या दुकानात मी दिसले की ओळखीच्या बायका मसाल्यांच्या फळीकडे वळायच्या. माझ्या मुलीला मराठी शाळेत तिच्याच मैत्रिणीने विचारलं, तुझी आई खरी देवस्थळी नाही ना? ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही, हे कबूल करते. पण मागे हटायचा विचार एकदाही आला नाही. वाटलं, इतकी वर्षं आम्ही ठाण्याच्या पायरीवर बसलो, आता यांनी बसावं थोडं.

हातेकरला शिक्षा झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण निकालाच्या दिवसाबद्दल मला फारसं काही सांगायचं नाही. तो निकाल पेपरात आला, टीव्हीवर आला, ॲग्नेस रडली, मीही रडले. मला सांगायचंय ते दादाच्या साक्षीच्या दिवसाबद्दल.

दादा पहिल्यांदाच विमानात बसून आला होता. वहिनीने नवा सदरा शिवून दिला होता. सदऱ्याची बटणं सकाळी मी लावली, केस मी विंचरले. माझी साक्ष आदल्या दिवशी झाली होती, त्यामुळे मला कोर्टात बसता आलं. वरच्या प्रेक्षकांच्या बाकांवर मंडळातले वीसेक लोक आले होते, हातेकरच्या मुलाला धीर द्यायला. पुढे करंबेळकर काका. खाली काचेच्या आड हातेकर, टाय लावून.

दादाने सगळं सांगितलं. कोठडी कशी होती, दोर कुठून आणला, कुणी ओढला. एक दुभाषी बाई त्याचं बोलणं इंग्रजीत सांगत होत्या, आपल्याच, पुण्याकडच्या असाव्यात. दादाचा आवाज शांत होता. त्याला हात वर करून दाखवायला सांगितलं तेव्हा ते छातीपर्यंत आले आणि थांबले. मग ज्युरीला मुलाखतीचा तो तुकडा ऐकवला, खाली इंग्रजीत अक्षरं. नागपंचमी, भवानी तलवार, सगळं. आमच्या हॉलमधलं ते हसणं त्या उंच छताच्या कोर्टात वाजलं तेव्हा वरच्या बाकांवर कुणी मान वर करेना.

मग बचावाचा वकील उठला. त्याचं म्हणणं सोपं होतं. हातेकरसाहेब कलाकार माणूस, तिखटमीठ लावून किस्से सांगतात. ऐकणाऱ्यांनाही ते माहीत असतं. त्याने दादाला अतिशय सभ्यपणे विचारलं, "माने, तुम्ही ते हसणं ऐकलंत. त्या हॉलमध्ये डॉक्टर होते, शिक्षक होते, मुलाबाळांची माणसं होती. सणासाठी जमली होती. अशी माणसं एखाद्याच्या छळावर हसतील का? हा निव्वळ विनोद आहे हे कळत होतं म्हणूनच ती हसली, नाही का?"

दुभाषी बाईंनी प्रश्न मराठीत सांगितला. दादाने नीट ऐकून घेतला.

"हसले की," तो म्हणाला. "तवाबी हसले व्हते. तलवारीचं इचारलं तवा समदे हसले. सायेब हसला, दोर धरल्याले दोन हवालदार हसले, च्या घिऊन आल्याला हाटेलवाला हसला. मला हात उचलंना म्हनून त्यानंच च्या पाजला, तवाबी हसले. म्या तलवार घेतली न्हाई. पर त्ये इचारत व्हते तवा म्या हो म्हनलो."

बाई इंग्रजीत सांगत होत्या. एका ठिकाणी त्यांना थांबून पाणी प्यावं लागलं. हातेकर समोर बघत होता. आत्तापर्यंत दादाने त्याच्याकडे बघितलं नव्हतं आणि आताही बघितलं नाही. तो वळला तो वरच्या बाकांकडे. आमच्या माणसांकडे.

"तुमी का हसला?" त्याने विचारलं.

रागाने नाही, खरंच विचारलं. करंबेळकर काकांच्या शेजारची बाई रुमाल शोधायला लागली. काका स्वतः समोरच्या लाकडी कठड्याकडे बघत राहिले. दुभाषी बाई भाषांतर करत होत्या, पण ज्यांना प्रश्न होता त्यांना भाषांतराची गरज नव्हती.

न्यायाधीश बाईंनी दादाला हळूच सांगितलं की साक्षीदाराला प्रेक्षकांना प्रश्न विचारता येत नाहीत. त्याने वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दादाने मान डोलावली. कोर्टाला तो देवासारखा मानायचा, बापूंसारखाच.

"बरं. म्या न्हाई इचारत," तो म्हणाला. "मंग बाई, तुमीच इचारा त्यास्नी."

न्यायाधीश बाई म्हणाल्या की ते या कोर्टाचं काम नाही, आणि दुभाषी बाईंनी ते त्याला सांगितलं.

दादा अजून वरच बघत होता.

"मंग कुनाचं हाय?" तो म्हणाला.